जिनिव्हाचा बोगदा आणि रत्नागिरीचं आकाश

रात्रीच्या उजेडात चमकणारी नटराजाची मूर्ती आणि खाली मजकूर, की युरोपात शास्त्रज्ञांनी संहाराचं दार उघडलं आहे. चिपळूणपासून मालवणपर्यंत गाववाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा फॉरवर्ड अधूनमधून उगवतोच. मूर्ती खरी आहे. भारत सरकारने 2004 मध्ये ती जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या संशोधन संस्थेला भेट दिली. कण सतत जन्मतात आणि नष्ट होतात, त्याला शिवाच्या नृत्याची उपमा देण्यात आली, एवढाच तिचा संबंध. 2016 मध्ये काही जणांनी रात्री तिच्यासमोर नरबळीचं नाटक करून त्याची चित्रफीत काढली आणि सर्नला चौकशी लावावी लागली. बाकी दार वगैरे सगळी फोडणी.

या फोडणीचा वास 2008 पासूनचा. सर्नचा लार्ज हेड्रॉन कोलायडर, म्हणजे एलएचसी, हा फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवर जमिनीखाली सरासरी शंभर मीटरवर असलेला 27 किलोमीटर घेराचा बोगदा. त्यात प्रोटॉन, म्हणजे अणूच्या गाभ्यातले कण, प्रचंड वेगाने समोरासमोर आदळवतात. 10 सप्टेंबर 2008 ला तो सुरू होणार म्हणून आपल्या वृत्तवाहिन्यांनी प्रलयाची उलटमोजणी लावली. मध्य प्रदेशात एका शाळकरी मुलीने त्या भीतीने जीव दिल्याचं वृत्त आलं. आणि त्या दिवशी बोगद्यात एकही टक्कर व्हायची नव्हती! प्रोटॉनचा झोत फक्त फिरवून बघायचा होता. खरा अपघात झाला नऊ दिवसांनी. दोन चुंबकांमधला विजेचा जोड निकामी झाला, चुंबक थंड ठेवणारा हेलियम टनावारी बाहेर पडला आणि अजस्र चुंबक जागचे सरकले. बोगद्यात कोणी नव्हतं, म्हणून निभावलं. पहिल्या टकरी व्हायला 2009 चा नोव्हेंबर उजाडला. तोवर वाहिन्यांना दुसरा प्रलय सापडला होता.

आता, जैतापूर, नाणार, बारसू हे सगळं दारात पाहिलेल्या माणसाने ‘शास्त्रज्ञ म्हणतात सुरक्षित आहे’ एवढ्यावर का विश्वास ठेवावा? ठेवू नये. एलएचसीत अणुइंधन जळत नाही, साखळी अभिक्रिया नाही, वीज बंद केली की यंत्र बंद. पण लोकांची शंका वेगळीच होती. टकरीतून इवलंसं कृष्णविवर तयार झालं आणि ते पृथ्वी गिळत सुटलं तर? 2008 मध्ये सर्ननेच नेमलेल्या पाच भौतिकशास्त्रज्ञांच्या गटाने धोका नसल्याचा अहवाल दिला. ‘घरचीच माणसं, घरचाच दाखला’ असं कोणी म्हणेल, आणि ते म्हणणं अगदीच चूक नाही. म्हणूनच त्या अहवालातला जो युक्तिवाद मला सगळ्यात आवडतो, तो कोणाच्या शब्दावर उभा नाही. तो आकाशावर उभा आहे.

अवकाशातून पृथ्वीवर सतत वैश्विक किरण कोसळत असतात. हे बहुतेक प्रोटॉनच. त्यातले कमी ऊर्जेचे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे वळतात. विषुववृत्ताकडे हा अडसर जास्त, त्यामुळे असे किरण कोकणात जिनिव्हापेक्षा कमी पोचतात. (हे क्षेत्र अलिबागच्या वेधशाळेत 1904 पासून मोजलं जातंय. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याची चुंबकीय उपकरणं तिकडे हलवली. हा एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) पण अतिऊर्जावान किरणांना हा अडसर नसल्यातच जमा.

किती ऊर्जेचा किरण एलएचसीच्या टकरीला तोडीस तोड? इथे थोडं गणित आहे. कशेडी घाटात उभ्या ट्रकवर भरधाव ट्रक आदळला तर बरीचशी ऊर्जा दोघांना पुढे फरपटत नेण्यात जाते. दोन सारखे ट्रक सारख्या वेगाने समोरासमोर भिडले तर सगळी ऊर्जा चुराड्यात जाते आणि सांगाडे जागीच थांबतात. एलएचसीतली टक्कर समोरासमोरची, वैश्विक किरणाची उभ्या ट्रकवरची. सापेक्षता सिद्धांतानुसार दुसऱ्या प्रकारात टकरीला मिळणाऱ्या ऊर्जेचा वर्ग म्हणजे येणाऱ्या प्रोटॉनची ऊर्जा, गुणिले स्थिर प्रोटॉनची वस्तुमान-ऊर्जा, गुणिले दोन. एलएचसीची टक्कर 13.6 टेराइलेक्ट्रॉनव्होल्टची (हे कणांची ऊर्जा मोजायचं एकक). तिचा वर्ग सुमारे 185. स्थिर प्रोटॉनचे 0.00094, त्याची दुप्पट 0.00188. भागाकार केला की येतात सुमारे 1 लाख टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट.

एवढ्या किंवा त्याहून जास्त ऊर्जेचे किरण दर चौरस किलोमीटरवर वर्षाला हजारोंनी येतात. रत्नागिरी जिल्ह्याचं क्षेत्रफळ 8,208 चौरस किलोमीटर. म्हणजे एकट्या या जिल्ह्याच्या डोक्यावर वर्षाला एलएचसीच्या तोडीच्या कोट्यवधी टकरी होतात आणि आंब्याचा मोहोरही हलत नाही. पृथ्वी जन्मल्यापासून अशा 3 वर 22 शून्यं इतक्या टकरी झाल्याचा अहवालाचा हिशेब आहे.

पण इथे एक खोच आहे, आणि ती काढणारे वेडे नव्हते. उभ्या ट्रकवरच्या धडकेतला चुराडा पुढे उडतो. वैश्विक किरणातून कृष्णविवर झालंच, तर ते जवळपास प्रकाशाच्या वेगाने पृथ्वीतून आरपार निघून जाईल. एलएचसीतलं मात्र रेंगाळेल, पृथ्वीतच अडकेल. मग आकाशाचा दाखला लागू कसा? विद्युतभारित कृष्णविवर असेल तर ते पृथ्वीतही हळू होऊन थांबेल, पण उदासीन, म्हणजे भारच नसलेलं, असेल तर? गिडिंग्ज आणि मांगानो या भौतिकशास्त्रज्ञांनी 2008 मध्ये याचं उत्तर श्वेत बटू ताऱ्यांत शोधलं. सूर्याएवढं वस्तुमान पृथ्वीएवढ्या गोळ्यात दाबलेलं. वैश्विक किरण त्यांच्यावरही आदळतात. त्यातून कृष्णविवर झालंच, तर इतक्या घट्ट पदार्थातून ते आरपार जाऊ शकणार नाही, आतच थांबेल आणि तारा खाऊन टाकेल. यातही मेख अशी, की ताऱ्याचं चुंबकीय क्षेत्र तीव्र असेल तर येणारा किरण पृष्ठभागावर पोचण्याआधीच ऊर्जा गमावतो. म्हणून त्यांनी मुद्दाम क्षीण चुंबकीय क्षेत्राचे श्वेत बटू निवडले. असे अब्जाहून अधिक वर्षांचे तारे आजही जागेवर आहेत. कृष्णविवरं हॉकिंग प्रारणाने, म्हणजे ऊर्जा बाहेर टाकत टाकत, विरून जातात, हे गृहीत न धरताही हिशेब पुरा होतो.

धोका यंत्रात आहेच, पण तो साधा. हेलियमने हवा हटली तर बोगद्यातला माणूस गुदमरेल. आणि झोत! एका झोतातल्या सगळ्या प्रोटॉनचं वजन ग्रॅमच्या अब्जाव्या भागाहून कमी, तरी मूळ आराखड्यानुसार त्याची ऊर्जा 36 कोटी ज्यूल, म्हणजे सुमारे 86 किलो टीएनटीच्या स्फोटाइतकी. तो भरकटला तर यंत्रालाच भोक पाडेल. म्हणून झोतात मुद्दाम 3 मायक्रोसेकंदांची रिकामी फट ठेवतात. बिघाड दिसला की त्या फटीत चुंबक सुरू होतात आणि एका फेरीत, 90 मायक्रोसेकंदांच्या आत, सगळा झोत बाहेर काढून सुमारे आठ मीटर लांब ग्राफाइटच्या दंडगोलावर सोडतात. तोही एका बिंदूवर नाही, गिरगटवून, नाहीतर ग्राफाइटही टिकायचं नाही. एप्रिल 2016 मध्ये मात्र पाणमांजराच्या कुळातला एक छोटा प्राणी 66 किलोव्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर चढला आणि सगळं यंत्र बंद पडलं. आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते तिच्या कारणांपेक्षा हे कारण काही फार वेगळं नाही.

सर्नमध्ये आता 91 किलोमीटर घेराच्या नव्या यंत्राची चर्चा आहे. त्यात पुढेमागे 100 टेराइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास टकरी घडवायचा बेत आहे, तेव्हा फॉरवर्ड पुन्हा येतील. वरचाच भागाकार करून बघा, लागणारा किरण सुमारे 53 लाख टेराइलेक्ट्रॉनव्होल्टचा निघतो. असे किरण चौरस किलोमीटरमागे वर्षाला मोजकेच येतात. अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात, तरीही, हजारो.