पेन्शन, पोस्ट आणि बाकं: आयर्लंडमधल्या एका जुन्या भांडणाची पार्श्वभूमी

आयर्लंडमध्ये सामाजिक संरक्षण आणि ग्रामविकास ही खाती जून २०२० पासून एकाच मंत्र्याकडे आहेत. आधी फिना गेल पक्षाच्या हेदर हम्फ्रीज होत्या, जानेवारी २०२५ पासून फिआना फॉलचे डारा कॅलेरी आहेत. त्यामुळे डॉलमध्ये, म्हणजे तिथल्या लोकसभेत, पेन्शन किती युरोंनी वाढवली यावर सुरू झालेली चर्चा बघता बघता गावच्या पोस्टावर, बंद पडलेल्या बसवर येऊन ठेपते. नवख्या माणसाला हे विषयांतर वाटेल. पण त्या देशात सरकारी मदत आणि खेड्याचं जगणं हे दोन विषय कधी वेगळे नव्हतेच.

ब्रिटिश अमलात, १ जानेवारी १९०९ पासून, सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत पेन्शन मिळू लागली. आयर्लंडात जन्मनोंदणीच सुरू झाली १८६४ साली, त्यामुळे सत्तरीतल्या कुणाकडेही सरकारी जन्मदाखला नव्हता. मग जानेवारी १८३९ मधली ‘महावादळाची रात्र’ आठवते का, असं विचारलं जाऊ लागलं. ती आठवणारी माणसं अर्थातच गावोगाव निघाली. गंमत बाजूला ठेवू. मेयो, डोनेगल अशा पश्चिमेकडच्या खडकाळ भागांत शेतीतून हातात रोख रक्कम फारशी येत नसे. तिथे हे शिलिंग अमेरिकेतल्या लेकरांनी धाडलेल्या पैशांपेक्षाही नेमाचे होते. आणि ते मिळत पोस्टात.

स्वातंत्र्यानंतरचा पहिला मोठा घाव याच पैशांवर पडला. यादवी युद्धानं तिजोरी रिकामी झाली होती. १९२४ साली अर्थमंत्री अर्नेस्ट ब्लाइद यांनी दहा शिलिंगांवर गेलेली पेन्शन नऊवर आणली. चार वर्षांनी त्याच सरकारनं तो शिलिंग परत केला, पण तोवर व्हायचं ते नुकसान झालं होतं. त्यांचा कुमन ना गेल हा पक्ष पुढे १९३३ मध्ये फिना गेलमध्ये विलीन झाला आणि म्हाताऱ्यांच्या तोंडचा घास काढणारे ही निंदा वारशानं नव्या पक्षाकडे आली. एमन डी व्हॅलेरा यांच्या फिआना फॉलनं तिचा भरपूर वापर केला. १९३२ मध्ये सत्तेवर आल्यावर त्यांनी बेकारी साहाय्याचा कायदा केला, विधवांना पेन्शन दिली, १९४४ मध्ये बालभत्ताही आणला, तोही सुरुवातीला तिसऱ्या मुलापासून पुढे. लहान शेतकऱ्याचा कैवारी अशी त्यांची ओळख झाली. मात्र शेतीच्या हंगामात खेड्यातल्या एकट्या पुरुषांचा बेकारी भत्ता थांबवणारे आदेशही याच पक्षाच्या सरकारनं काढले, हे सहसा कुणी सांगत नाही.

डावे-उजवे या मापानं हे राजकारण मोजायला गेलं की हिशेब चुकतो. ही दोन पक्षांची फळी पडली ती १९२१ च्या ब्रिटनबरोबरच्या तहावरून. कल्याणाच्या खर्चावरून नव्हे. डाव्या मजूर पक्षाचं बळ मर्यादितच राहिलं. त्यातून एकेका मतदारसंघातून तीन ते पाच सदस्य निवडून द्यायचे, तेही आपल्या विधान परिषदेत असतात तशा पसंतीक्रमाच्या मतांनी. म्हणजे उमेदवाराची खरी लढत पुष्कळदा स्वतःच्याच पक्षातल्या दुसऱ्या उमेदवाराशी. धोरण दोघांचं एकच असल्यावर मत मागायचं कशाच्या जोरावर? तुमच्या आईचा अडकलेला पेन्शनचा अर्ज मी मार्गी लावला, या जोरावर. दक्षिण केरीतून १९९७ मध्ये अपक्ष निवडून आलेले जॅकी हीली-रे यांनी हीच गोष्ट सरकारशी केली. बर्टी अहर्न यांच्या अल्पमतातल्या सरकारला पाठिंबा, बदल्यात केरीचे रस्ते आणि कामं. डब्लिनच्या वर्तमानपत्रांनी नाकं मुरडली, केरीकरांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं.

या भांडणाचा सगळ्यात मासलेवाईक नमुना म्हणजे मेयोतला नॉकचा विमानतळ. नॉक हे कॅथलिकांचं तीर्थस्थान. तिथले धर्मगुरू जेम्स होरन यांनी माळरानावर आंतरराष्ट्रीय विमानतळाचा ध्यास घेतला आणि फिआना फॉलच्या चार्ल्स हॉही सरकारनं पैसा दिला. गॅरेट फिट्सजेरल्ड यांचं फिना गेल–मजूर आघाडी सरकार आल्यावर तो आटला. धुक्यातल्या दलदलीत विमानं कोण उतरवणार, अशी चेष्टा झाली. होरन यांनी देणग्या आणि सोडती काढून उरलेली रक्कम उभी केली. ३० मे १९८६ रोजी उद्घाटन झालं ते हॉहींच्या हस्ते, आणि ते तेव्हा विरोधी पक्षनेते होते! विमानतळ आजही चालू आहे. पण एका गावाच्या हट्टाला सरकारनं पैसे द्यावेत का, हा फिट्सजेरल्ड यांच्या बाजूचा प्रश्न चुकीचा नव्हता, असं मला वाटतं. कर्जात बुडालेल्या देशात तो विचारावाच लागतो.

पुढच्याच वर्षी सत्तेत परतलेल्या हॉहींनी खर्चावर अशी कुऱ्हाड चालवली की अर्थमंत्री रे मॅकशॅरी यांना ‘मॅक द नाइफ’ हे नाव पडलं. गंमत म्हणजे फिना गेलचे नेते ॲलन ड्यूक्स यांनी देशहित म्हणून त्या कपातीला डॉलमध्ये आडकाठी केली नाही. पक्षानं त्याचे आभार मानले नाहीत. १९९० मध्ये त्यांना नेतेपद सोडावं लागलं.

२००४ मध्ये डी व्हॅलेरांचे नातू एमन ओ कीव यांच्या खात्यानं ग्रामीण समाजयोजना आणली. शेतकरी भत्ता घेणाऱ्यांनी आणि मच्छीमारांनी आठवड्याला साडेएकोणीस तास गावची कामं करायची आणि त्यावर पैसे घ्यायचे. मदतही झाली, गावचं कामही झालं. मग २००८ चं संकट आलं. बेकारी भत्ता दोन अर्थसंकल्पांत २०४.३० युरोंवरून १८८ वर आला, नाताळचा बोनस बंद झाला. हे फिआना फॉलनं केलं आणि २०११ मध्ये तो पक्ष वीस जागांवर घसरला. फिना गेल–मजूर सरकारनं पुढे बालभत्ता कापला, शेतकरी भत्त्याचे निकष कडक केले आणि दोन वर्षांत १३९ गार्डा ठाणी, म्हणजे पोलीस ठाणी, बंद केली. बाकं बदलली तशी भाषणंही बदलली.

ज्यांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड, ते फिना गेलचे लिओ वराडकर या गोष्टीत इथे येतात. सामाजिक संरक्षण मंत्री असताना, एप्रिल २०१७ मध्ये, त्यांनी भत्त्यात लबाडी करणाऱ्यांविरुद्ध जाहिरात मोहीम काढली आणि गरिबांना चोर ठरवल्याची टीका ओढवून घेतली. दोन महिन्यांत ते पंतप्रधान झाले. २०१८ मध्ये १५९ पोस्टमास्तरांनी सरकारी टपाल कंपनीचं निवृत्तीचं पॅकेज घेतलं आणि तेवढी पोस्टं बंद होणार हे ठरलं. सरकारला बाहेरून टेकू देणाऱ्या फिआना फॉलनंही त्यावर ओरड केली. फिआना फॉलच्या काळात किती पोस्टं बंद झाली, हा हिशेब समोरच्यांकडे तयारच होता.

२०२० पासून हे दोन्ही पक्ष एकाच सरकारात आहेत, तेव्हा शिलिंगाची जुनी टोमणेबाजी निकालात निघाली. पेन्शनचं वय वाढवू नका, असं म्हणत शिन फेन हा डावा राष्ट्रवादी पक्ष २०२० च्या निवडणुकीत सर्वाधिक मतं घेऊन पुढे आला. विरोधातली मुख्य जागा आता त्याची आहे आणि ग्रामीण अपक्षांची अडचण झाली आहे. जानेवारी २०२५ मध्ये सरकारला पाठिंबा देणाऱ्या काही अपक्षांनी बोलण्याचा वेळ मात्र विरोधकांच्या वाट्यातून मागितला. गोंधळ इतका झाला की पंतप्रधानांची निवड एक दिवस पुढे गेली. मार्चमध्ये सरकारनं आरडाओरड्यातच नियम बदलून घेतले, आणि पाठोपाठ विरोधकांनी सभापतींविरुद्ध अविश्वास ठराव आणला. तो फेटाळला गेला.