कुठलं आरजी? सोसायटीचं की पालिकेचं?

‘समोरचं आरजी बिल्डर गिळतोय, काहीतरी करा’ असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागला की आधी विचारावं, कुठलं आरजी? मुंबईत सोसायटीच्या आवारातल्या मोकळ्या जागेलाही आरजी, म्हणजे रिक्रिएशन ग्राउंड, म्हणतात आणि विकास आराखड्यात राखून ठेवलेल्या मैदानालाही. तक्रार मग भलत्याच टेबलावर जाऊन पडते.

आवारातलं आरजी म्हणजे लेआउट, म्हणजे भूखंडावर इमारती कुठे-कशा येणार याचा नकाशा, मंजूर करून घेताना मोकळी सोडावी लागलेली जागा. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत १००१ ते २५०० चौरस मीटरच्या भूखंडाला १५ टक्के, १०,००० पर्यंत २० आणि त्यापुढे २५ टक्के असं गणित होतं. जमीन खासगीच राहते, वापराचा हक्क मात्र लेआउटमधल्या सगळ्यांचा. सगळ्यांचा! चार इमारतींत मिळून एक आरजी आणि कुलपाची किल्ली एकाच सेक्रेटरीच्या खिशात, हा प्रकार सर्रास चालतो. निम्म्या जागेत गाड्या, उरलेल्यात घसरगुंडी, आणि भिंतीवर ‘क्रिकेट खेळण्यास सक्त मनाई’. मग पोरांनी खेळायचं काय, कॅरम?

पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या मजल्यांवरच्या गच्चीत, हिरवं प्लास्टिक अंथरून ‘हे घ्या आरजी’ म्हणणारेही होतेच. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नियमातली किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी. ते बरोबरच आहे. स्लॅबवरच्या दोन फूट मातीत जास्वंद तगेल, वड नाही.

पालिकेच्या मैदानाचं तसं नाही. १९२५ पासून लोकांसाठी खुल्या असलेल्या शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर विरारचा माणूसही हक्काने बसतो, कुठल्या इमारतीत राहता असं त्याला कोणी विचारत नाही. अशी जागा एखाद्या संस्थेला सांभाळायला दिली, तरी ती पालिकेचीच राहते.

पण आराखड्यात हिरवं दिसलं म्हणजे मैदान हातात आलं, असं समजू नका. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्यात ईओएस म्हणजे आज असलेली मोकळी जागा, आरओएस म्हणजे नुसतं आरक्षण. आरक्षणाखालची जमीन ताब्यात येईपर्यंत मालकाचीच असू शकते. त्यात १९६६ च्या नगररचना कायद्याचं कलम १२७ आहे. दहा वर्षांत संपादन झालं नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. पुढच्या २४ महिन्यांत कायद्याने सांगितलेली पावलं पडली नाहीत, तर आरक्षण रद्द.

म्हणून आधी सीटीएस नंबर (जमिनीचा नगर भूमापन क्रमांक) घालून डीपी रिमार्क, म्हणजे त्या जमिनीबद्दल विकास आराखडा काय सांगतो याचा पालिकेचा दाखला, काढा, तो ऑनलाइन मिळतो. आरक्षण दिसलं, तर जागा ताब्यात आहे का आणि मालकाची नोटीस आलीय का, हे माहितीच्या अधिकारात विचारा. आरक्षण नसेल, तर इमारत प्रस्ताव विभागाकडून मंजूर लेआउटची प्रत मागवा आणि टेप घेऊन खाली उतरा.