बीसीजीचा वण आणि ग्रीन कार्डाची मेडिकल

‘लहानपणी बीसीजी टोचलंय, टीबीची टेस्ट पॉझिटिव्ह येणारच, त्यात काय घाबरायचं!’ अमेरिकेतल्या मराठी घरांत ग्रीन कार्डाची मेडिकल जवळ आली की हा दिलासा हमखास ऐकू येतो. त्वचेवरच्या जुन्या चाचणीपुरता तो काही अंशी खरा होता. आताच्या रक्तचाचणीला तो लागू पडत नाही.

ही मेडिकल करणारे डॉक्टर म्हणजे तिथले सिव्हिल सर्जन. त्यांना इमिग्रेशन खातं नेमतं, तपासणीचे नियम सीडीसी, म्हणजे अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था, घालून देते. लसी, गुप्तरोग, व्यसनं, क्षय हे सगळं पाहून आय-६९३ फॉर्म भरायचा आणि बंद पाकिटात द्यायचा. ग्रीन कार्ड द्यायचं की नाही, हे त्यांच्या हातात नसतं.

क्षयासाठी २०१८ पासून ते दोन वर्षांवरील प्रत्येकाची ‘इग्रा’ रक्तचाचणी करतात. खरी गंमत इथे आहे. जुन्या मँटू चाचणीत त्वचेत ट्युबरक्युलिन, म्हणजे क्षयजंतूच्या अनेक प्रथिनांची खिचडी, टोचत. त्यातली बरीच प्रथिनं बीसीजीच्या जंतूतही असतात, म्हणून लस घेतलेल्याचाही हात फुगू शके. इग्रात मात्र रक्तातल्या टी-पेशींना, म्हणजे जंतू ओळखून लक्षात ठेवणाऱ्या पेशींना, ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही निवडक प्रथिनं दाखवतात. ओळख पटली तर पेशी इंटरफेरॉन-गॅमा नावाचं प्रथिन सोडतात. रक्त ३७ अंशांवर १६ ते २४ तास ठेवून ते मोजतात.

ही दोन प्रथिनंच का? काल्मेत आणि गेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०८ ते १९२१ अशी तेरा वर्षं गुरांच्या क्षयाचा जंतू पित्त घातलेल्या बटाट्यावर पुन्हापुन्हा वाढवला. तो सौम्य होत गेला, त्याचीच बीसीजी लस झाली; आणि त्या ओघात त्याच्या डीएनएचा आरडी-१ नावाचा तुकडा गळाला. ईसॅट-६ आणि सीएफपी-१० यांची जनुकं नेमकी त्याच तुकड्यात! त्यामुळे नुसती बीसीजी घेतलेल्याच्या टी-पेशींनी ती कधी पाहिलेलीच नसतात. (मायकोबॅक्टेरियम कॅन्ससाय वगैरे मोजक्या जंतूंत ती आहेत, पण ते विरळा.)

म्हणजे इग्रा पॉझिटिव्ह आली तर दंडावरच्या वणाकडे बोट दाखवू नये. बहुधा जंतू कधीतरी शरीरात शिरलेला आहे. आजार आहे की जंतू नुसता सुप्त आहे, हे मात्र ही चाचणी सांगत नाही. त्यासाठी छातीचा एक्स-रे काढतात. तो स्वच्छ आणि लक्षणं नसतील तर डॉक्टर सुप्त क्षयाची नोंद करून आरोग्य खात्याला कळवतात, ग्रीन कार्ड त्यापायी अडत नाही. एक्स-रे संशयास्पद असेल तर पुढची तपासणी आणि गरज पडल्यास उपचार आधी. ‘मेडिकल पास करून देणारे’ काढे विकणाऱ्यांनी टी-पेशींची स्मृती पुसण्याची युक्ती सापडली असेल तर ती आधी शास्त्रज्ञांना दाखवावी.

जाणकार सिव्हिल सर्जन गोवराची एमएमआर लस देण्याआधी किंवा त्याच दिवशी इग्रासाठी रक्त घेतो. जिवंत विषाणूंच्या लसीनंतर टी-पेशींचा प्रतिसाद काही काळ मंदावू शकतो. लस आधी टोचून झाली असेल, तर रक्त द्यायला चार ते सहा आठवडे थांबावं.