लेझरने पाटावर कोरलेलं नाव पसरतंय? आधी फोकस बघा

रोज कोणीतरी हेच विचारतं म्हणून एकदाचं लिहून ठेवलं. "भाऊ, 3 मिमी प्लायवर नाव मस्त येतं, मुंजीच्या पाटावर केलं तर डाग पडल्यासारखं दिसतं, लेझर वीक झाला का?" नाही हो, लेझर ठणठणीत आहे. पाट 35 मिमी जाड आणि फोकस अजून प्लायच्याच उंचीवर आहे.

लहानपणी भिंगाने कागद जाळला असेलच, एका ठरावीक अंतरावरच बारीक ठिपका पडतो, भिंग जरा हललं की ठिपका पसरतो आणि कागद नुसता कोमट होतो. लेझरचंही तेच, त्या अंतरालाच फोकस म्हणतात. मग लोक पॉवर वाढवतात, स्पीड कमी करतात, त्याने अक्षर आणखी जाड होतं, कडा करपतात, बारीक काही होत नाही. आणि मग अख्खी मशीन रिक्षात घालून आमच्याकडे, आम्ही वायरी, आरसे, लेन्स सगळं तपासतो, अर्धा दिवस जातो आणि निघतं काय, तर फोकस.

फोकस बेडवर, म्हणजे माल ठेवायच्या पाटीवर नाही, मालाच्या वरच्या बाजूवर धरायचा, माल बदलला की दर वेळी नव्याने. डायोडवाल्यांनी (निळ्या लेझरची छोटी मशीन) लेझरचं हेड वर सरकवून, सोबत आलेला स्पेसर, म्हणजे अंतर ठरवायचा ठोकळा, पाटावर ठेवून, हेड त्याला टेकवून स्क्रू घट्ट करायचा. हेडला वर जागाच उरली नसेल तर फ्रेमच्या चारही पायांखाली ठोकळे, पण सारख्या उंचीचे, वहीचे पुठ्ठे नकोत. फ्रेम उचलली की खालून निळा उजेड बाहेर येतो, म्हणून 450 नॅनोमीटरच्या निळ्या लेझरसाठीचाच चष्मा घाला, उन्हाचा गॉगल चालत नाही, आणि पोरांना लांब ठेवा. के-40 वाल्यांनी (CO2 लेझरची छोटी पेटीवाली मशीन) बेड काढून माल खाली घ्यायचा. दोन इंची लेन्स असेल तर अंतर 50.8 मिमी, ते लेन्सपासून मोजायचं, नोझलच्या टोकापासून नाही.

शंका असली तर प्लायची पट्टी एका बाजूने उचलून तिरकी ठेवा, चढावर एक सरळ रेघ मारा, रेघ सगळ्यात बारीक जिथे तिथलं अंतर तुमचा फोकस.

जुना सागवानी पाट बहुतेक मधे खोलगट असतो. एका कडेला नाव छान, मधे पुसट, ते त्यामुळे. दोन-तीन मिमी फरक असेल तर आधी सुताराकडून रंधा मारून घ्या. आम्ही जॉब घेताना पाच ठिकाणी मोजतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत पण वेळ लागतो, म्हणून "उभ्या उभ्या करून द्या" म्हटलं तर आम्ही नाहीच म्हणतो. रेग्झिन लावलेला चौरंगही घेत नाही, ते बहुतेक पीव्हीसी असतं, जळलं की आम्लाचा धूर निघतो, फुफ्फुसं जातात आणि मशीनही गंजते.

20, 40 आणि 60 मिमी ठोकळ्यांचे सेट दुकानात तयार असतात, बाजारातून लाकूड घेऊन स्वतः कापायचं असेल तर तेही चालेल, फक्त चारही एकाच फळीतून कापा. मशीन दुसरीकडून घेतलेली असली तरी सांगू, पण मशीन आणू नका, बिघडलेला तुकडा आणि जाडी मिमीमध्ये लिहून आणा, तेवढं बघून कळतं.