गावकरी (गोवा)

गावची जमीन, पाणी आणि देवस्थान सामाईक मालकीने सांभाळणारी गोव्यातील जुनी ग्रामसंस्था. पोर्तुगीज अमदानीपासून तिला ‘कोमुनिदाद’ म्हणतात. 1510 मध्ये पोर्तुगीज गोव्यात आले तेव्हा ती चांगलीच मुरलेली होती. महसूल अधिकारी आफोंसो मेशिया याने 16 सप्टेंबर 1526 रोजी तिसवाडीतील रीतिरिवाजांची सनद (फोराल) नोंदवली; या संस्थेचा तो महत्त्वाचा लेखी पुरावा. ओसाड जागी आलेल्या चार पुरुषांनी जमीन लागवडीला आणली आणि त्यांचे वंशज गावकार झाले, अशी परंपरा सनदेच्या आरंभीच दिली आहे.

जमीन गावाची, म्हणजे गावात राहणाऱ्या सगळ्यांची नव्हे. हक्क मूळ वसाहतकारांच्या पुरुषवंशाला. गावकार वांगडांत, म्हणजे घराण्यांत, विभागलेले असत आणि बैठकीत वांगडांचा क्रम ठरलेला असे. कुळे, मजूर आणि गावकारांच्या घरच्या बायकाही या हक्काबाहेर. गावकरीला ग्रामस्वराज्याचा आदर्श ठरवणारे लेखन इथे सहसा घाईने पुढे सरकते. मानपानाची उतरंडही काटेकोर होती: भातकापणीचा पहिला मान ताळगावचा, आणि नव्या कणसांचा सण तिथे अजून 21 ऑगस्टला होतो.

शेते पावणीवर, म्हणजे जाहीर बोली लावून, खंडाने दिली जात. आलेल्या उत्पन्नातून आधी सरकारी दस्त (महसूल), देवस्थान आणि बांधबंदिस्ती भागवायची; उरेल ते ‘झोण’ म्हणून गावकारांत वाटायचे. तूट आली तर तीही त्यांनीच भरायची. सुतार, न्हावी, देवळाचे सेवेकरी यांना कामाच्या मोबदल्यात नमशीची जमीन मिळे. हिशेब कुळकर्णी ठेवी; जुन्या वह्या गोयकानडी लिपीत आहेत.

ही सामाईक व्यवस्था टिकली ती मुख्यतः खाजनांमुळे. मांडवी-जुवारीच्या खाऱ्या पाण्यापासून सोडवलेली ही सखल शेते एकट्यादुकट्याला राखणे अशक्यच. चिखल, पेंढा आणि चिऱ्याचे बांध, आणि त्यांत पाण्याच्या दाराची ‘मानस’. भरती चढली की पाण्याच्या दाबानेच मानशीच्या लाकडी फळ्या मिटतात आणि ओहोटीला उघडून आतले पाणी बाहेर सोडतात. पावसाळ्यात खारेपण सोसणारे कोरगूट भात, उरलेल्या दिवसांत मासे, आणि काही ठिकाणी मिठागरे. बांधाला एके ठिकाणी भगदाड पडले, तर खारे पाणी साऱ्यांच्याच शेतात शिरते. गावकारांचा भाऊबंदकीचा तंटा कितीही जुना असो, बांधापुढे त्यांना एकत्र यावेच लागे.

धर्मांतराच्या काळात संस्था मोडली नाही, पण तिचे अंग बदलले: देवळे पाडल्यावर त्यांच्या जमिनी चर्चकडे गेल्या आणि कित्येक दैवते फोंड्याकडे हलवली गेली, जसे कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा. 1583 मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइट धर्मप्रसारकांना ठार केले; पुढे तिथल्या गावकारांना असोळणेच्या किल्ल्यात बोलावून मारण्यात आले.

पोर्तुगीज सत्तेने हळूहळू गावकरीवर सरकारी देखरेख वाढवली. 15 एप्रिल 1961 च्या 2070 क्रमांकाच्या संहितेने तिचे नियम एकत्र केले. ते वर्ष सरता सरता गोवा मुक्त झाला, पण संहिता चालू राहिली. आज राज्यात दोनशेहून अधिक कोमुनिदादी आहेत आणि त्यांच्या जमिनींवरील अतिक्रमणे हा सततचा वाद आहे. 1964 च्या कूळ कायद्याने आणि 1976 च्या दुरुस्तीने कसणाऱ्याला हक्क मिळाला. भूमिहीनांच्या दृष्टीने ते न्याय्यच होते. बांधांची देखभाल मात्र कुळांच्या संघांकडे गेली. जिथे भातापेक्षा मानशीवरील मासेमारीची पावणी अधिक पैसा देते, तिथे खारे पाणी मुद्दाम आत घेतल्याच्या तक्रारी होतात, आणि शेती पडीक राहते.