मडफ्लॅप : काढता-घालता येणारे, घरी बनवलेले

चाकामागे लोंबणारा रबराचा किंवा प्लास्टिकचा पडदा म्हणजे मडफ्लॅप. चाकाने उडवलेला चिखल, पाणी आणि खडी गाडीच्या अंगावर, दाराखालच्या पट्टीवर आणि मागून येणाऱ्याच्या काचेवर जाऊ नये, यासाठी तो असतो. डांबरी रस्त्यावर तो हवाच; दगडगोट्यांच्या वाटेवर मात्र नडतो. म्हणून थार, जिम्नी, गुरखा, बोलेरो किंवा जुनी जिप्सी अशा गाड्यांना तो हाताने काढता येईल असा बसवतात. कंपनीचे फ्लॅप स्क्रूंनी आणि प्लास्टिकच्या क्लिपांनी कायमचे बसवलेले असतात. सुटा होणारा प्रकार बहुधा घरी किंवा ओळखीच्या वेल्डिंगवाल्याकडे करून घेतात. रबर कोणते घ्यावे यावर लोक फार चर्चा करतात, पण खरे कसब जोडात आहे. हा जोड चिखलात, पान्याशिवाय सुटला पाहिजे आणि जबर हिसका बसला तर गाडीचा पत्रा फाटण्याआधी तुटला पाहिजे.

फ्लॅप असणे आणि नसणे, या दोन्ही गोष्टींची गरज इंदूरकरांना एकाच दिवसात पडते. शहर माळव्याच्या पठारावर आहे आणि पठाराची विंध्याकडची कड तासाभराच्या अंतरावर. पावसाळ्यातल्या रविवारी सकाळी पोहे-जिलबी आटोपून चोरल, पातालपाणी, जानापाव किंवा कजलीगडाकडे निघालेली गाडी बराच वेळ चांगल्या रस्त्यावर असते आणि शेवटचा टप्पा शेताच्या बांधावरून किंवा ओढ्यातून काढते. रस्त्यावर गिट्टी, म्हणजे काळ्या बेसाल्टची धारदार खडी. रस्ता सोडला की कापसाची काळी माती. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट हे पाणी पिऊन फुगणारे खनिज भरपूर असते. ओली झाली की ती चाकाला चिकटते, सुटत नाही आणि थरावर थर चढवत जाते. फ्लॅप लावलेला असेल तर चाक आणि फ्लॅप यांच्यामधल्या जागेत तिचा घट्ट गोळा बसतो. हा गोळा चाकावर घासतो, सुकला की दगडासारखा होतो आणि चाकावरच्या मडगार्डच्या आतले प्लास्टिकचे अस्तर ओढून काढतो. मुरमाड जमिनीवर हा त्रास जवळपास नसतो.

किती रुंद, किती खाली

टायरच्या नक्षीत अडकलेला खडा चाकाच्या घेराला स्पर्शरेषेत सुटतो. जमिनीलगत सुटलेला जवळजवळ आडवा जातो, वर जाऊन सुटलेला तिरपा उडतो. थारच्या २४५/७५ आर १६ टायरचा व्यास सुमारे ७७ सेंमी भरतो. अशा चाकाच्या मध्यापासून ४५ सेंमी मागे, जमिनीपासून २० सेंमी उंचीपर्यंत येणारा फ्लॅप लावला, तर जमिनीशी साधारण ३० अंशांपर्यंतच्या कोनात सुटलेले खडे त्याच्या खालून निघून जातात आणि त्याहून तिरपे सुटलेले त्यावर आपटतात. म्हणजे फ्लॅप चाकाच्या जितका जवळ, तितका तो आखूड चालतो. हे ध्यानात न घेता बरेच जण तो मागे, बंपरच्या कडेला टांगतात आणि मग लांबी वाढवत बसतात.

रुंदी टायरपेक्षा दोन्ही बाजूंना २ ते ३ सेंमी जास्त ठेवावी. मोठे टायर किंवा बाहेर आलेली रिम बसवली असेल तर माप नव्या टायरवरून घ्यावे, गाडीच्या पुस्तकावरून नव्हे. रस्त्यासाठी जमिनीपासून २० ते २५ सेंमी उंची ठीक. आंतरराष्ट्रीय मोटर महासंघाच्या रॅली नियमांत फ्लॅपची खालची कड जमिनीपासून १० सेंमीपेक्षा वर नसावी असे आहे, पण ते बंद रस्त्यावर धावणाऱ्या, एका मोसमात अनेक फ्लॅप खर्ची घालणाऱ्या गाड्यांसाठी. घरच्या गाडीत चार माणसे आणि सामान बसले की मागची बाजू काही सेंटिमीटर खाली येते, तेव्हा माप भरलेल्या गाडीवर तपासावे.

आधी जाड पुठ्ठ्याचा नमुना कापून चिकटपट्टीने लावून पाहावा. पुढच्या चाकांसाठी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून पाहावे. मागच्यासाठी एक चाक ३० ते ४० सेंमी उंच ओट्यावर किंवा भक्कम रॅम्पवर चढवून स्प्रिंग दाबून पाहावे. दोन्ही स्थितींत टायर आणि नमुना यांत किमान ५ सेंमी अंतर राहायला हवे. सायलेन्सरच्या नळीपासून १० सेंमी दूर. तेवढी जागा नसेल तर त्या बाजूचा फ्लॅप तिथे कापून अरुंद करावा.

पडद्याचा माल

सर्वांत चांगला माल म्हणजे कारखान्यात माल वाहणाऱ्या कन्व्हेयर बेल्टचा जुना पट्टा : दोन थरांच्या कापडाचा, ५ ते ६ मिमी जाड. पीथमपूर आणि सांवेर रोडच्या औद्योगिक भागात भंगारवाल्यांकडे चौकशी करावी. पोलादी तारांचा पट्टा घेऊ नये. तो घरी कापता येत नाही आणि कापलाच तर कडेच्या तारा हात फाडतात. थारसाठी ३० × ४३ सेंमीचे चार फ्लॅप ६० × ९० सेंमीच्या तुकड्यात बसतात आणि ६ मिमी पट्ट्याचा एकेक सुमारे ९०० ग्रॅम भरतो. जिम्नीचा १९५/८० आर १५ टायर अरुंद असल्याने तिथे २५ सेंमी रुंदी पुरते.

पट्टा न मिळाल्यास हार्डवेअरच्या दुकानात इन्सर्शन रबर शीट मागावी. तिच्यात कॅनव्हासचा थर असतो. बिनकापडाची साधी रबर शीट बोल्टच्या भोकापासून फाटत जाते. गाडीतली जुनी मॅट कापून लावली तर तीही तशीच जाते. ट्रकची ट्यूब फार लुळी, ताशी ६० किमीला ती वाऱ्याने मागे उचलली जाते आणि असून नसल्यासारखी होते. एचडीपीई प्लास्टिक ४ मिमी जाड घेतले तर हलके आणि स्वच्छ राहते, माती त्याला कमी धरते. मात्र ते दुमडल्यावर पांढरी रेघ पडते आणि पुढे तिथेच चिरते. रॅलीवाले पॉलियुरेथेन वापरतात. ते दुमडून पूर्ववत होते; किंमत पाहून बहुतेक जण पट्ट्याकडे वळतात, आणि त्यात तोटा काही नाही.

पट्टा कापताना कटरच्या पात्याला साबणाचे पाणी लावत राहावे, नाहीतर रबर पाते धरून ठेवते. एका दमात आरपार कापू नये. पट्टीच्या आधाराने तीन-चार वेळा पाते फिरवावे. खालचे कोपरे २५ मिमी त्रिज्येत गोल करावेत, कारण टोकदार कोपराच आधी काट्याकुट्यात अडकतो. भोके ड्रिलने पाडू नयेत : बिट रबर ओढत जाते, भोक वेडेवाकडे आणि लहान पडते. लाकडाच्या ठोकळ्यावर पोकळ पंच ठेवून हातोडीने पाडावे. कापलेल्या कडेतून दिसणारे कापड पाणी शोषते आणि थर सुटू लागतात, म्हणून कडांना पंक्चरचे सोल्यूशन दोनदा फासावे.

जोड

मागच्या चाकांसाठी चौकोनी नळीचा खोबणी-जोड उत्तम. लोहामंडीत, म्हणजे लोखंडाच्या बाजारात, पट्टी अजून सुतावर विकली जाते; एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे ३ मिमी. 'एक इंची, दोन सूत' मागितले की २५ × ६ मिमीची पट्टी मिळते, मीटरला साधारण १.२ किलो. तिच्यापासून गाडीला लागणारा ब्रॅकेट करतात. खोबणीसाठी २५ × २५ × २ मिमीची नळी, ८ सेंमी लांब. तिच्यात सरकणारी जीभ २० × २० मिमी नळीची.

खोबणीच्या नळीत वेल्डिंगची एक उभी शिवण आतून उठलेली असते. ती कानशीने घासून सपाट केल्याशिवाय जीभ आत जात नाही, किंवा घरी जाते आणि मातीत अडकून बसते. आतली मोकळी जागा २१ मिमी, म्हणजे जिभेला १ मिमीचा खेळ राहतो. रंग चढल्यावर तो आणखी कमी होतो. हा खेळ हवाच, कारण तंतोतंत बसणारी जीभ चिखलाने जाम होते. पण त्यामुळे खडखड होते. उपाय म्हणजे खोबणीच्या वरच्या बाजूला एम ८ (८ मिमी आट्यांचा) नट वेल्ड करून त्यातून हातमुठीचा बोल्ट जिभेवर आवळायचा. बोल्ट कंपनाने सैल झाला तरी फ्लॅप पडू नये म्हणून खोबणी आणि जीभ यांतून ८ मिमीची पिन आरपार घालून तिच्या टोकाला आर-क्लिप (इंग्रजी R च्या आकाराची तारेची क्लिप) लावावी. पिन आणि क्लिप दोन्ही सायकलच्या जुन्या ब्रेक वायरने ब्रॅकेटला बांधून ठेवाव्यात. चिखलात पडलेली पिन सापडत नाही.

खोबणी गाडीला आडवी बसवावी, जीभ बाहेरून आत सरकेल अशी, आणि दोन्ही तोंडे उघडी ठेवावीत. उभी खोबणी चाक खालून भरून टाकते. आडवीत माती गेली तरी जीभ सारली की पलीकडून बाहेर पडते. ग्रीस लावू नये, त्यावर वाळू बसते. मेणबत्तीचे मेण घासले तरी पुरे.

जिभेला एक आडवी पट्टी वेल्ड करून तिच्यावर पडदा, आणि पडद्यावर २५ × ३ मिमीची दाबपट्टी अशी सँडविचसारखी रचना करतात. दाबपट्टी वगळून नुसते वॉशर लावले की पहिल्याच जोराच्या ओढीत बोल्टची डोकी रबरातून निघतात. भोकाचा मध्य रबराच्या कडेपासून किमान २५ मिमी आत हवा. इथे एम ६ चे तीन नायलॉनचे बोल्ट वापरावेत, पोलादाचे नव्हे. गाडी मागे घेताना टायर फ्लॅपवर चढतो, फ्लॅप दगड आणि टायर यांच्यात चिमटला जातो आणि पुढच्या अर्ध्या सेकंदात काहीतरी तुटणारच असते. पोलादी बोल्ट असेल तर बंपरचा कोपरा किंवा मडगार्डचा पत्रा जातो, नायलॉन असेल तर तीन बोल्ट जातात. तुटलेला पडदा मागे राहू नये म्हणून त्याच ब्रेक वायरचा सैल फास ब्रॅकेटपर्यंत ठेवावा. काही जण भोकांऐवजी वरच्या कडेपर्यंत उघड्या खाचा कापतात, म्हणजे ओढ बसली की पडदा दाबपट्टीतून घसरून निघतो. कल्पना चांगली आहे, पण किती आवळायचे याचा अंदाज सांभाळणे कठीण; आज घट्ट, उद्या सैल. उन्हाने नायलॉन ठिसूळ होतो, म्हणून दर पावसाळ्याआधी बोल्ट बदलावेत.

पुढच्या चाकामागे खोबणीला जागा नसते. तिथे पडदा धरणाऱ्या पट्टीत किल्लीच्या भोकाच्या आकाराची खाच सोयीची : १६ मिमीचे गोल भोक आणि त्याला जोडलेली ९ मिमीची चीर, एम ८ बोल्टच्या डोक्यावर अडकणारी. चीर वरच्या बाजूला असावी. वजनाने पट्टी खाली येते आणि बोल्ट आपोआप चिरेत बसतो. वेल्डिंगवाले हमखास उलटी कापतात. नमुन्यावर बाण काढून द्यावा. खालून दगड आपटला तर पट्टी उचलली जाऊन निसटू शकते, तेव्हा तिसऱ्या ठिकाणी एक पंखनट (हाताने फिरवायचा, दोन पंखांचा नट) हवाच. नायलॉक (आत नायलॉनचे कडे असलेला) नट हाताने सुटत नाही आणि साधा पंखनट कंपनाने सुटतो. पंखनटाखाली स्प्रिंग वॉशर घालून बाहेर उरलेल्या आट्यांत भोक पाडून त्यात क्लिप घालणे हा त्यातला मध्यम मार्ग.

गाडीला कुठे धरावे

या वर्गातल्या गाड्या शिडीच्या आकाराच्या चासीवर बांधलेल्या असतात. चासीवर वेल्डिंग करू नये आणि तिला नवे भोकही पाडू नये. बंपरच्या ब्रॅकेटचे बोल्ट, अस्तराचे बोल्ट किंवा चासीत आधीच असलेली रिकामी भोके यांवर ब्रॅकेट बसतो. मडगार्डच्या आतल्या पत्र्याला भोक पाडायची वेळ आली तर मागे काय आहे ते आधी अस्तर काढून पाहावे : ब्रेकची नळी, इंधनाची नळी आणि मागच्या दिव्यांच्या तारा याच भागातून जातात. भोकाची कड घासून जस्ताचा प्रायमर लावावा. ब्रॅकेट कोणाच्याही पोटरीला लागणार नाही असा आत राहावा, कारण फ्लॅप काढल्यावर रिकामी खोबणी तशीच उरते.

वापर

फ्लॅप काढायची योग्य वेळ म्हणजे कच्च्या वाटेला लागताना टायरची हवा कमी करतो ती. गाडी थांबलेली असते, माणूस चाकापाशी वाकलेला असतो आणि हात अजून कोरडे असतात. ओढ्याच्या काठावर, चाके अर्धी रुतल्यावर काढायला गेले तर खोबणी मातीखाली असते. परत डांबरावर येऊन हवा भरताना लावावेत; नक्षीत माती आणि खडी भरलेली असताना महूच्या रस्त्यावर फ्लॅपविना धावणारी गाडी मागच्या दुचाकीवाल्याला धोक्याची. चारही फ्लॅपना मागून रंगाने पुढचा-डावा, मागचा-उजवा असे लिहून ठेवावे, कारण चिखलाने माखलेले चारही सारखेच दिसतात.

काढलेले फ्लॅप खताच्या रिकाम्या गोणीत, आडवे आणि सपाट ठेवावेत. गुंडाळून ठेवलेला पट्टा तसाच वाकडा राहतो आणि रस्त्यावर चाकाकडे झुकतो. वाकडा झालाच तर दुपारच्या उन्हात फरशीवर वजन ठेवून तापवला की बराच सरळ होतो. काळी माती ओली असतानाच पाण्याने जाते. सुकल्यावर ती खरवडताना कडेचे सोल्यूशन निघते. गोणीत सहा-आठ जादा नायलॉन बोल्ट, दोन आर-क्लिपा आणि १० नंबरचा पाना असावा.