जनगणनेत गाव 'कमी' का दिसतं?

बीड जिल्ह्यातल्या एखाद्या वाडीवर गेलं की एक तक्रार हमखास ऐकू येते: "जनगणनेवाल्यांनी घरबसल्या आकडे भरले. नाहीतर आमचं गाव एवढंसं कसं?" कुठे चुकारपणा झालाही असेल, पण खरं कारण बहुतेकदा तारखेत असतं.

२०११ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. नियम असा, की या काळात जो एकदाही घरी नव्हता, त्याची नोंद तो जिथे सापडेल तिथे करायची. आणि फेब्रुवारी म्हणजे ऊसतोडीचा ऐन हंगाम! दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघालेली जोडपी तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, उसाच्या फडाशेजारच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत. ती मोजली जायची तिथेच. गावात उरतात म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं, म्हणून वयाचं चित्रही वाकडं येतं.

मतदार यादी वेगळी. तिच्यात नाव गावचंच राहतं. दोन्ही आकडे शेजारी ठेवून घोटाळा शोधणं व्यर्थ आहे. पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांकही (ज्या दिवसाची लोकसंख्या धरतात तो) १ मार्च २०२७च आहे, म्हणजे पुन्हा तोच हंगाम.